थंडीत गोबरगॅस मंदावला? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडे पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. गोबरगॅसची आठवण मात्र शेगडी मिणमिणायला लागल्यावरच येते. मग ठरलेली चूक होते: "गॅस कमी येतोय ना, दोन पाट्या शेण जास्त टाका."

नेमकं हेच करू नका. टाकीत सूक्ष्मजीवांची साखळी असते. काही जण शेण कुजवून आम्लं तयार करतात, दुसरे त्या आम्लांपासून मिथेन, म्हणजे शेगडीत जळणारा वायू, बनवतात. ३५ अंशांच्या आसपासची ऊब दोघांनाही मानवते, पण गारठ्यात मिथेनवाले आधी ढेपाळतात. त्यांची वाढ मुळातच संथ. त्यात जादा शेण पडलं की आम्ल साचतं, सामू (पीएच, आंबटपणा मोजणारा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.५ च्या खाली उतरतो आणि मिथेनवाले पुरते गारद होतात. शिवाय महाराष्ट्रात शेणाचा साधारण ३० दिवसांचा मुक्काम धरून टाकी बांधतात. भरणी दुप्पट केली की मुक्काम निम्म्यावर येतो, आणि हे संथ गडी स्लरीबरोबर (टाकीतल्या पातळ, कुजलेल्या शेणाबरोबर) बाहेर वाहून जातात. फुटके द्राक्षमणी, उरलेला भात तर हिवाळ्यात नकोच. ते झटकन आंबतं.

बिघाड कितपत आहे ते ज्योत सांगते. गॅस कमी, पण ज्योत निळी आणि स्थिर असेल तर टाकी फक्त गारठलीय. दाब बरा असूनही ज्योत फडफडून विझत असेल, स्लरीला आंबूस वास येत असेल, तर आम्ल वाढलंय. पीएच पट्टी बुडवून खात्री करा. भरणी काही दिवस थांबवा, शेजारच्या चालू टाकीतली स्लरी विरजणासारखी आत सोडा, सामू ७ कडे आला की थोड्या शेणाने पुन्हा सुरुवात करा. आम्ल मारायला म्हणून चुना पाट्यांनी ओतू नका.

उकळतं पाणी ओतणं ही दुसरी खोड. तापमानातला अचानक चढउतार या जिवांना सोसत नाही. (५५ अंशांवर गॅस जास्त मिळतो हे खरं, पण तिथे काम करणारे सूक्ष्मजीव वेगळे, ते एका रात्रीत येत नाहीत.) त्यापेक्षा काळ्या ड्रममध्ये उन्हात तापलेल्या पाण्यात शेण कालवून दुपारी भरा. टाकीभोवती पाचट किंवा कंपोस्टचा थर द्या. लोखंडी तरंगती टाकी रात्री फार उष्णता गमावते, तिच्यावर संध्याकाळी गोणपाट टाका.

मिथेनवाल्यांची संख्या पुन्हा भरून यायला काही आठवडे लागतात. तोवर सिलिंडर हाताशी असू द्या.