ॲम्स्टरडॅमच्या सत्ताधारी घराण्यांचा सोयरीक-तक्ता कसा काढावा

बऱ्हाणपूर, नंदुरबार, धरणगावच्या सतराव्या शतकातल्या कापडव्यापाराचा माग काढणारा खान्देशातला विद्यार्थी सुरतेच्या डच वखारीपर्यंत पोहोचतो आणि तिथेच थांबतो. वखारीवर हुकूम चालवणाऱ्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक कोण होते, त्यांना कोण निवडत होते, हे पाहायला ॲम्स्टरडॅमच्या नगरसभेत शिरावे लागते. तिथल्या सत्ताधारी वर्गाला ‘रीजंट’ म्हणत. पदांची यादी पाठ करून हा वर्ग कळत नाही. तो कळतो सोयरिकीतून, आणि बाजार समितीच्या पॅनेलमध्ये कोण कोणाचा व्याही आणि कोण कोणाचा साडू हे तोंडपाठ असलेल्या आपल्या माणसांना हे वाचन अवघड नाही.

आधी काळ आखून घ्या. अख्खे शतक घेऊ नका, दहा वर्षे पुरतात. १६४६ ते १६५५ हा काळ सर्वांत फलदायी, कारण बिकर या रीजंट घराण्याचा जोर, १६५० चा त्यांचा पाडाव आणि नंतरचे पुनरागमन हे सगळे त्यात येते. माणसे पंधराच घ्या.

ए-वन आकाराचा ड्रॉइंग पेपर आडवा धरा. डावीकडे नावांसाठी १२ सेंमी सोडा, पुढे ७ सेंमीचे दहा रकाने. वर मथळ्याला ५ सेंमी, खाली साडेतीन सेंमीच्या पंधरा ओळी. रकान्याची उभी रेघ १ जानेवारीची नव्हे, १ फेब्रुवारीची समजा. ॲम्स्टरडॅमचे बर्गोमास्टर, म्हणजे नगरप्रमुख, त्या दिवशी बदलत. ते चार असत. दरवर्षी तीन नवे निवडले जात आणि आदल्या वर्षातला एक मागे राहून पहिले तीन महिने अध्यक्षपद सांभाळी. जानेवारीची रेघ ओढली, तर जानेवारीत सही करणारा माणूस चुकीच्या वर्षात जातो आणि पुढचा सगळा तक्ता सरकतो.

रंग चार ठेवा. बर्गोमास्टरला लाल. स्खेपन, म्हणजे दरवर्षी नेमले जाणारे नऊ न्यायाधीश, त्यांना निळा. ३६ जणांच्या नगरमंडळाचे सदस्यत्व तहहयात असे आणि रिकामी जागा मंडळ स्वतःच भरी, म्हणून त्याला मरेपर्यंत जाणारी हिरवी रेघ. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकपदाला पिवळा. इथे बहुतेकांची गल्लत होते: बर्गोमास्टर हे ३६ जण निवडतात असे धरले जाते. प्रत्यक्षात आजी-माजी बर्गोमास्टर आणि स्खेपन मिळून निवडत. त्यामुळे तरुणपणी मिळालेली निळी चौकट तक्त्यात किरकोळ दिसली, तरी मतदाराच्या वर्तुळात शिरण्याचे दार तेच होते.

आता सोयरीक. ती दुसऱ्या कागदावर, आधी पेन्सिलीने काढा. फक्त बाप-मुलगा जोडलात तर घराणी सुटी-सुटी दिसतील. लेकी कुठे दिल्या ते आधी लिहा. नमुना म्हणून बिकर घ्या. आन्द्रीस, याकोब, यान आणि कॉर्नेलिस हे चार भाऊ. यानची बायको आग्नेटा डे ग्राफ, म्हणजे कॉर्नेलिस आणि आन्द्रीस डे ग्राफ यांची बहीण. आन्द्रीस डे ग्राफने १६४६ मध्ये लग्न केले ते कॉर्नेलिस बिकरच्या मुलीशी, एलिसाबेथशी. यान-आग्नेटाची मुलगी वेंडेला. तिच्यासाठी एलिसाबेथ सख्खी चुलत बहीणही आणि मामीही! १६५५ मध्ये वेंडेलाचे लग्न योहान डे विट यांच्याशी झाले. ते १६५३ पासून हॉलंड प्रांताचे सर्वोच्च अधिकारी होते. या लग्नाने बर्गोमास्टर कॉर्नेलिस डे ग्राफ त्यांचे मामेसासरे झाले. जुलै १६५० मध्ये ऑरेंज घराण्याचा राजपुत्र विल्यम दुसरा याने शहरावर सैन्य धाडले. तडजोडीत आन्द्रीस आणि कॉर्नेलिस बिकर यांना पदे सोडावी लागली. त्यांच्या ओळींतल्या या मोकळ्या चौकटी पाहिल्यात की पाच वर्षांनंतरच्या त्या लग्नाचे राजकीय वजन लगेच लक्षात येते. डे विट मूळचे डोर्ड्रेख्टचे, म्हणून त्यांना ओळ देऊ नका, समासात ठेवा.

नावे तपासताना घाई नको. एका पिढीत तेच नाव दोन-तीन घरांत असते. आन्द्रीस बिकर आणि आन्द्रीस डे ग्राफ दोघेही बर्गोमास्टर. नावामागे बापाचे नाव, जन्मसाल आणि जहागिरीचे गाव लिहूनच चौकट रंगवा. जुन्या डच कागदांत भाचा, पुतण्या आणि चुलतभाऊ यांना एकच शब्द आहे, तेव्हा यंत्र-भाषांतरावर नाते ठरवू नका. ॲम्स्टरडॅम नगर अभिलेखागाराच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदींच्या सूची ऑनलाइन आहेत. विवाहाची नोंद बहुधा लग्न ठरल्याची असते, प्रत्यक्ष लग्न त्यानंतर काही आठवड्यांनी.

संपत्तीसाठी १६३१ ची करयादी वापरा. कर मालमत्तेच्या दोनशेव्या हिश्श्याइतका होता, म्हणून आकडा २०० ने गुणा: ५०० गुल्डन कर म्हणजे १,००,००० ची मालमत्ता. एक गुल्डन म्हणजे २० स्टाइव्हर, एक स्टाइव्हर म्हणजे १६ पेनिंग. दशांश अपूर्णांक समजून बेरीज केली की हिशेब बिघडतो. आलेला आकडा किमान समजा, कारण मालमत्ता कमी दाखवण्याकडेच कल असे.

पिवळा रंग देण्याआधी एक फरक ध्यानात असू द्या. कंपनीचा भागधारक कोणीही होऊ शके, पण ॲम्स्टरडॅम शाखेच्या संचालकाला स्वतःचे किमान ६,००० गुल्डन गुंतवावे लागत. सतरा जणांच्या मध्यवर्ती मंडळात या एका शहराच्या आठ जागा होत्या. आणि प्रत्येक रीजंटला ‘व्यापारी’ म्हणू नका. शतकाच्या मध्यापर्यंत अनेक घराणी घरभाडे, जमीन आणि कर्जरोख्यांच्या व्याजावर जगू लागली होती. उत्पन्नाचे साधन दर पिढीला वेगळे लिहा.

शेवटी हा तक्ता खान्देशाशी जोडताना शोधशब्द डच वळणाचे द्या. सुरतेसाठी ‘सुरात्ते’ घ्या. आपल्या ‘ऊ’साठी डच लेखक ओ आणि ई ही अक्षरे जोडून लिहीत, तेव्हा बऱ्हाणपूर, धरणगाव, चोपडा यांची तीन-चार रूपे करून पाहा. तारखा तर हमखास अडकवतात. हॉलंडने ग्रेगोरियन पंचांग सोळाव्या शतकातच घेतले, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे सतराव्या शतकात इंग्रजी तारीख दहा दिवस मागे असते, शिवाय त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले. मराठ्यांनी बऱ्हाणपूर लुटले ते जानेवारी १६८१ मध्ये. इंग्रजी पत्रात हाच महिना १६८० चा दिसू शकतो. दोन्ही तारखा शेजारी-शेजारी लिहा आणि कोणती कोणत्या पंचांगाची हे खुणेने दाखवा.