जर्मनीत मास्टर्सला येताय? माणसं जोडण्याबद्दल थोडं

जर्मनीला निघायच्या आधीचे महिने कागदपत्रांतच जातात. एपीएस सर्टिफिकेट (आपली भारतातली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, व्हिसाची अपॉइंटमेंट, हॉस्टेलची वेटिंग लिस्ट. या सगळ्याची माहिती भरपूर मिळते, सीनियर्सही मदत करतात. पण इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात जे सगळ्यात जड जातं ते एकटेपण, आणि त्याबद्दल फारसं कुणी आधी बोलत नाही. मी जर्मनीतल्या आखेन शहरात मास्टर्स केलं. तिथे राहून माझं एक मत पक्कं झालं आहे: इथे मैत्री ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होते. तेच चेहरे दर आठवड्याला समोर येत राहिले की माणसं हळूहळू मोकळी होतात. त्यामुळे तुम्ही अबोल असाल तरी काळजी करू नका. नेमाने जात राहणं जास्त उपयोगी पडतं.

आल्या आल्या कामांची रांग लागलेली असते. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. शिवाय बँक, हेल्थ इन्शुरन्स, सिमकार्ड. या धावपळीत बरेच जण ओरिएंटेशनचा आठवडा सोडून देतात. तसं करू नका. विंटर सेमिस्टरची लेक्चर्स साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि त्याच्या आधी फाखशाफ्ट, म्हणजे त्या त्या विभागाची विद्यार्थी संघटना, नव्या मुलांसाठी कॅम्पसची फेरी, एकत्र नाश्ता, संध्याकाळच्या भेटी असं बरंच काही ठेवते. त्या आठवड्यात दुसऱ्या शहरातून आलेली जर्मन मुलंही तुमच्याइतकीच नवखी असतात. अजून कुणाचे ग्रुप जमलेले नसतात, कुणाशीही जाऊन बोललं तरी चालतं. पुढे महिन्याभराने तेच अवघड होऊन बसतं. इथे झालेल्या ओळखींतूनच नंतर अभ्यासाचे ग्रुप बनतात, जुने पेपरही इथूनच मिळतात.

आता ठरलेल्या वाराबद्दल. युनिव्हर्सिटीचा होखशूलश्पोर्ट नावाचा क्रीडा विभाग असतो. नाचापासून नौकावहनापर्यंत कितीतरी कोर्स, फी विद्यार्थ्यांना परवडेल अशी. नोंदणी ऑनलाइन होते आणि ठरलेल्या वेळी उघडते. लोकप्रिय कोर्स काही मिनिटांत भरतात, त्यामुळे त्या दिवशी लॅपटॉप उघडून आधीच बसा. मी क्लायंबिंग घेतलं होतं. त्यात एक जण भिंतीवर चढतो आणि दुसरा खाली दोर सांभाळतो. चढण्याआधी दोघांनी एकमेकांची गाठ, बेल्ट, कडी हात लावून तपासायची, हा नियम कुणी कितीही अनुभवी असो, पाळावाच लागतो. सुरुवातीचे कित्येक आठवडे माझ्या जोडीदारणीशी माझं बोलणं एवढंच: गाठ बरोबर आहे, चढ, दोर सैल सोड, उतर. पण जिच्या हातात आपला दोर आहे तिच्यावर विश्वास बसतोच. सेमिस्टर अर्धं झाल्यावर एकदा सराव संपला आणि तिने सहज विचारलं, "आम्ही सगळे खायला जातोय, येतेस?" आजही माझ्या अगदी जवळच्या मैत्रिणींमध्ये ती आहे. खेळाची आवड नसेल तर गायनवृंद, ऑर्केस्ट्रा, नाटकाचा ग्रुप, एखादा प्रोजेक्ट क्लब, काहीही चालेल. फक्त एकच निवडा आणि सेमिस्टरभर टिकवा. दर आठवड्याला नव्या पार्टीला गेलात तर नावं खूप कळतात, ओळख एकाचीही होत नाही.

दुसरी जागा म्हणजे स्वयंपाकघर. शेअर्ड फ्लॅटला इथे वे-गे म्हणतात. खोल्या वेगळ्या, किचन एक. दारावर पुट्सप्लान लावलेला असतो, म्हणजे कुठल्या आठवड्यात सफाई कुणाकडे याचा तक्ता. तुमचा आठवडा आला की न सांगता काम झालेलं दिसलं पाहिजे. या एका गोष्टीने घरातलं वातावरण किती बदलतं ते मी पाहिलं आहे. रात्री दहानंतर शांतता पाळायची, रविवारी व्हॅक्यूम क्लीनर किंवा ड्रिल चालवायचं नाही. रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरोची मासिक वर्गणी दर घरामागे एकच असते, ती सगळ्यांत वाटून घ्या. आणि जेवण ताटात घेऊन खोलीत जाऊ नका, किचनमध्येच बसा. दिवसभर दमून आल्यावर बोलायची इच्छा नसते, मान्य आहे. तरीही बसा.

जर्मन मुलं भेटीची तारीख ठरवतात. "पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी साडेसातला जमेल का?" असं कुणी कॅलेंडर उघडून विचारलं तर तो तुटकपणा समजू नका. त्याने तुमच्यासाठी संध्याकाळ राखून ठेवली आहे. वेळेवर जा, आणि जमणार नसेल तर आधी कळवा. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी देऊ नका, तो अपशकुन मानतात. केक ज्याचा वाढदिवस तोच आणतो, त्यामुळे तुमच्या वाढदिवसाला लॅबमध्ये तुम्ही केक घेऊन जा. ज्यांच्याशी कधी बोलणं झालं नाही तेही त्या दिवशी थांबून बोलतात.

भारतीय ग्रुपबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. मला विचाराल तर तो ग्रुप हवाच. ताप आला, घर बदलायचं आहे, घरून वाईट बातमी आली, अशा वेळी धावून येणारी माणसं तिथेच असतात. फक्त प्रोजेक्टचा ग्रुप, फ्लॅट आणि सुट्टी हे तिन्ही त्याच माणसांत गेलं तर दोन वर्षांनी जर्मन भाषा जिथल्या तिथेच राहते, आणि नोकरी शोधताना ते नडतं. कोर्स इंग्रजीत असला तरी मधल्या सुट्टीतल्या गप्पा जर्मनमध्ये चालतात. तुमच्यासाठी सगळे इंग्रजीत बोलायला लागतात, थोड्या वेळाने नकळत परत जर्मनवर येतात. त्यात तुम्हाला टाळण्याचा हेतू नसतो. युनिव्हर्सिटीच्या भाषा केंद्रात कोर्स घ्या, आणि टँडेम पार्टनर शोधा: अर्धा वेळ त्याची भाषा, अर्धा वेळ तुमची. इंटरनॅशनल ऑफिसकडे बऱ्याचदा बडी प्रोग्रामही असतो, म्हणजे नव्या मुलाला तिथलाच एक विद्यार्थी सोबतीला देतात, त्याचा अर्ज इथे यायच्या आधीच भरता येतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो. भारताशी साडेचार तासांचा फरक होतो, म्हणजे इथे लॅब संपेपर्यंत घरचे झोपायच्या तयारीत. ख्रिसमसच्या सुट्टीत हॉस्टेल रिकामं होतं, ऐन ख्रिसमसला दुकानंही बंद. सगळ्यात कठीण दिवस हेच. तेव्हा डिसेंबर लागताच कोण कोण थांबणार आहे ते विचारून घ्या आणि एकत्र स्वयंपाकाचे बेत तारखेसकट ठरवा. मन खूपच खचलं, झोप उडाली, लेक्चरला जावंसं वाटेना, तर स्टुडिअरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांची हॉस्टेल आणि कँटीन चालवणाऱ्या संस्थेच्या, समुपदेशकांची वेळ घ्या. ही सेवा बहुतेक ठिकाणी मोफत असते आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतही मिळते. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. माझ्या ओळखीतली अतिशय हुशार मुलं तिथे जाऊन सावरली आहेत.

फेब्रुवारीत लेक्चर्स संपली की परीक्षा, मग इंटर्नशिप, सगळे पांगतात. नुकत्या जमलेल्या ओळखी याच काळात सुटतात. एप्रिलच्या सेमिस्टरसाठी खेळाची नोंदणी नव्याने करावी लागते. ती उघडायच्या आधी जुन्या ग्रुपला मेसेज टाका, कोण कुठला वार घेतंय ते विचारा, आणि तोच घ्या.