चवथीचे फोटो मागच्या चवथीलाच काढायचे असतात

गोव्यात राहून कुणाच्या ऑनलाइन लेखनाचं वेळापत्रक सांभाळायचं ठरवलंत, तर आधी पुढच्या वर्षाचं कालनिर्णय आणा. इथे दोन गणितं एकाच वेळी चालतात. चवथ म्हणजे गणेश चतुर्थी, होळीच्या सुमाराचा शिगमो, शिरगावची लईराईची जत्रा तिथीप्रमाणे सरकतात. कार्निव्हल ईस्टरच्या मागून चालतो, आणि ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कुठेही येऊ शकतो. २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. त्याच दोन वर्षांत कार्निव्हलचा शेवटचा मंगळवार मात्र ४ मार्चवरून १७ फेब्रुवारीवर आला. म्हणजे एक सण पुढे, दुसरा मागे. मागच्या वर्षाच्या वेळापत्रकाच्या शीटमध्ये नुसतं साल बदलून काम भागेल असं वाटत असेल, तर ते इथेच फसतं. ३० मेचा घटकराज्य दिन, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, २४ जूनचं सांजांव किंवा जुन्या गोव्याचं ३ डिसेंबरचं फेस्त एकदा भरलं की भरलं. वेळ द्यायचा तो सरकणाऱ्या तारखांना.

मी फोंड्यात राहून छोट्या व्यावसायिकांसाठी लिहिते: एक होमस्टे, एक मसाले-कोकमवाले, एक गाण्याचे वर्ग. त्यांच्या पोस्टा, लेख, व्हिडिओ यांचं वेळापत्रक मी गूगल शीटमध्येच ठेवते. महागडी ॲपं असतात, पण मालकाला ती उघडायला लावणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं.

नवखा माणूस शीटमध्ये दोनच रकाने करतो: तारीख आणि विषय. ती झाली सणांची यादी. वेळापत्रकात निदान तीन तारखा हव्यात. पोस्ट बाहेर पडेल ती, मजकूर तयार हवा ती, आणि फोटो काढायचा ती. या तिसऱ्या तारखेबद्दल कुणी सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

माटोळीचंच घ्या. सुपारीचं शिपटं, कांगण्या, तोरिंगं, चिबूड अशी फळं बांधलेली माटोळी गणपतीच्या डोक्यावर दिसते ती चवथीच्या दिवशीच. पण मसालेवाल्याची माटोळीवरची पोस्ट लोकांना हवी असते आधीच्या आठवड्यात, म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या बाजारात जाण्यापूर्वी. चवथीच्या दिवशी टाकली तर ती वाचायला कुणी मोकळं नसतं. सगळे गावच्या घरी, आरतीत नाहीतर नेवऱ्या (करंज्या) तळण्यात. म्हणून या वर्षीच्या पोस्टचा फोटो मागच्या चवथीलाच काढून ठेवलेला हवा. तसंच जुलैच्या धबधब्याचं आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचं. माझ्या शीटमध्ये म्हणून ‘फोटो’ या रकान्यात पुष्कळदा पुढच्या वर्षाच्या कामाची नोंद असते. फोटोच्या फायलीला साल, सण, गाव एवढं नाव द्या. ‘आयएमजी’ आणि आकडे अशा नावाचा फोटो अकरा महिन्यांनी कुणाला सापडत नाही.

पोस्टची तारीख ठरवताना वाचक कधी निर्णय घेतो ते बघा. मसालेवाल्यांचा खरा हंगाम पुरुमेंताचा. पावसाळ्याची बेगमी लोक मे महिन्यात करतात, तेव्हा मिरची, सोलं आणि सुक्या मासळीच्या मसाल्यावरचं लेखन एप्रिलमध्येच बाहेर पडायला हवं. होमस्टेचंही तसंच. डिसेंबरला येणारा पाहुणा खोली बरीच आधी शोधू लागतो, तेव्हा नाताळाचे दिवे डिसेंबरात दाखवून फारसं काही हाती लागत नाही. आणखी एक: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचं ताट टाकलंत तर प्रतिक्रियांत काय येईल ते गोंयकाराला सांगायला नको.

मंजुरीसाठी वेगळा रकाना ठेवा, आणि त्यात नाव एकाच माणसाचं. ‘मालक आणि त्यांचा पुतण्या’ असं लिहिलंत की मालक समजतात पुतण्याने बघितलं, पुतण्याला वाटतं मालकांनी. दुपारी एक ते चार या वेळेत कुणाकडून उत्तराची अपेक्षा धरू नका. दुकानं बंद आणि माणसं आडवी. मी पहिल्याच भेटीत ठरवून घेते की मजकूर पाठवल्यावर दोन दिवसांत हरकत आली नाही, तर तो जाणार. हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं, तोंडी नको.

ठरल्या वेळी आपोआप प्रसिद्ध होण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. वर्डप्रेस वापरत असाल तर सेटिंगमध्ये टाइमझोन आधी कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, करा. ते यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, राहिलं तर सकाळी नऊला लावलेला लेख आपल्याकडे दुपारी अडीचला निघतो. शिवाय वर्डप्रेसचं हे घड्याळ कुणीतरी साइट उघडल्यावरच हलतं, त्यामुळे कमी वर्दळीच्या साइटवर पोस्ट उशिरा निघते किंवा चुकते. नव्या साइटसाठी ठरल्या वेळी स्वतः जाऊन बघणं बरं.

आणि लावलेलं थांबवता यायला हवं. ६ फेब्रुवारी २०२२ हा रविवार होता. सकाळी लता मंगेशकर गेल्या आणि दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. मंगेशीचं नाव लावणाऱ्या गायिकेसाठी फोंडा तालुका हळहळत असताना कुणाच्या पानावर ‘धमाल रविवार’ झळकला तर तो रागावण्याचाच विषय. कोणकोणत्या खात्यांवर काय लावलंय आणि ते थांबवायचा अधिकार कुणाला, हे शीटच्या सगळ्यात वरच्या ओळीत असू द्या. आठवड्याची एक जागा मी मुद्दाम रिकामी ठेवते. अचानक आलेल्या विषयाला ती मिळते, नाहीतर रिकामीच राहते. रोज काहीतरी टाकलंच पाहिजे हे मला पटत नाही. दुकानाला सांगण्यासारखं रोज काही नसतं.

काम मिळवायचं असेल तर प्रमाणपत्रापेक्षा शीट दाखवा. गावच्या नाट्यमंडळाचं किंवा ओळखीच्या दुकानाचं तीन महिन्यांचं वेळापत्रक स्वतःहून करा. प्रत्येक विषयापुढे तो कुणासाठी, त्याच तारखेला का, फोटो कुठून येणार, एवढं लिहा. समोरचा माणूस जाणकार असेल तर पहिला प्रश्न फोटोच्या रकान्यावरच विचारील.