बिझनेसच्या पदवीचं पहिलं सत्र : नावनोंदणीआधी काय काय हाताशी हवं

सगळ्यात आधी विद्यापीठाची अभ्यासक्रम-पुस्तिका उतरवून घ्या, आणि ती तुमच्याच प्रवेशवर्षाची आहे ना ते मुखपृष्ठावर पाहा. बहुतेक ठिकाणी पदवीचे नियम प्रवेशाच्या वर्षाला बांधलेले असतात. सीनियरकडून मिळालेल्या जुन्या पुस्तिकेवर विसंबलं, की शेवटच्या वर्षी एखादा सक्तीचा विषय राहून गेल्याचं कळतं. पुस्तिकेत प्रत्येक विषयापुढे पाच गोष्टी शोधा: कोड, क्रेडिट, सक्तीचा की ऐच्छिक, पूर्वअट कोणती, आणि तो कोणत्या सत्रात शिकवला जातो. पाचवी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

आता एक कागद आडवा धरा आणि विषयांची साखळी उलटीकडून काढा. शेवटच्या वर्षाचा स्ट्रॅटेजीचा विषय उजव्या टोकाला लिहा. त्याला सहसा फायनान्स, मार्केटिंग आणि ऑपरेशन्स पूर्ण झालेले लागतात. फायनान्सला लेखाकर्म आणि संख्याशास्त्र लागतं, संख्याशास्त्राला पहिल्या सत्राचं गणित लागतं. म्हणजे गणित 'जरा अवघड वाटतंय, पुढच्या सत्रात बघू' म्हणून सोडलं, तर नुसतं गणित मागे पडत नाही. संख्याशास्त्र वर्षातून एकदाच शिकवत असतील तर ते एका वर्षाने सरकतं, त्यामागून फायनान्स सरकतो आणि पदवी लांबते. पहिल्या वर्षी ऐच्छिक विषय पुढे ढकलले तर चालतं. ज्यांच्यावर बाकीचे विषय उभे आहेत ते ढकलू नका. साखळी काढून झाली की ती विभागाच्या सल्लागाराला दाखवा आणि मिळालेलं उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

किती विषय झेपतील हे अंदाजाने ठरवू नका, तासांत मोजा. युरोपीय क्रेडिट पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १५० ते १८० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला १० ते १२ तास. अमेरिकी पद्धतीत तीन क्रेडिटच्या विषयाला वर्गात आठवड्याला तीन तास आणि बाहेर साधारण सहा तास धरतात. तुमच्या विद्यापीठाचा हिशोब यापेक्षा वेगळा असेल तर तो पुस्तिकेत दिलेला असतो. बेरीज करा, नोकरी करत असाल तर तिचे तास मिळवा. आकडा ५५च्या पुढे गेला तर एक विषय आत्ताच कमी करा, म्हणजे सहाव्या आठवड्यात घाईने सोडायची वेळ येणार नाही.

गणिताची तयारी म्हणजे सगळं गणित नव्हे. समीकरणं सोडवणं, आलेखाचा चढ काढणं, घातांक, लॉगॅरिदम आणि मुख्य म्हणजे टक्केवारी, एवढं पक्कं हवं. स्वतःची परीक्षा अशी घ्या. किंमत २० टक्क्यांनी वाढवून मग २० टक्क्यांनी उतरवली तर १००चे ९६ का होतात? व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तर वाढ एक टक्काबिंदूची असूनही २५ टक्क्यांची कशी? ८०ला घेतलेली वस्तू १००ला विकली, तर खरेदीवर नफा २५ टक्के आणि विक्रीवर २० टक्के कसा? ही तीन उत्तरं न अडखळता देता आली नाहीत, तर मार्केटिंगपासून फायनान्सपर्यंत सगळीकडे तीच चूक होत राहील. मग चक्रवाढीकडे वळा: ८ टक्के दराने आजचे १०,००० पाच वर्षांनी सुमारे १४,६९३ होतात, आणि पाच वर्षांनी मिळणाऱ्या १०,०००ची आजची किंमत सुमारे ६,८०६ असते. ही दोन गणितं कागदावर दोन्ही दिशांनी करता आली की फायनान्सचा पहिला महिना सोपा जातो.

लेखाकर्मासाठी मात्र जास्त वेळ काढा. पहिल्या वर्षी मुलं अडकतात ती इथेच, आणि अडकण्याचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: नावे म्हणजे वाईट आणि जमा म्हणजे चांगलं, असं मनात बसलेलं असतं. हे बँकेच्या पासबुकातून येतं. तुम्ही पैसे भरता तेव्हा बँक तुमचं खातं जमा करते, कारण ते बँकेचं तुम्हाला देणं असतं. तुमच्या स्वतःच्या वहीत तेच बँक खातं नावे पडतं. नावे ही डावी बाजू, जमा ही उजवी, यापलीकडे त्यांना कसलाही गुण चिकटवू नका. संपत्ती = देयता + भांडवल हे समीकरण वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि वर्ग सुरू होण्याआधी तीसेक व्यवहार त्याच्यावर घासून पाहा: भांडवल आणलं, उधारीवर माल घेतला, रोखीने विकला, आगाऊ भाडं दिलं, यंत्रावर घसारा काढला. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापून घेतलेली दुहेरी नोंदीची चौकट आजच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही तीच आहे, त्यामुळे हातानं केलेला सराव वाया जात नाही.

रोजकीर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेनिहाय नोंदी), तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमा शिल्लकांची यादी) आणि ताळेबंद हा क्रम निदान दोनदा पुरा करा. तेरीज जुळली नाही तर सगळं पुन्हा मोजत बसू नका. आधी फरक पाहा. फरकाला ९ने भाग जात असेल तर बहुधा दोन आकडे उलटले आहेत: ७६०चे ६७० लिहिले की फरक ९०. फरक सम असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा: ३५०ची नोंद उलट बाजूला गेली तर फरक ७०० येतो. नेमकी फरकाएवढीच रक्कम कुठे दिसली, तर तिची एक बाजू खतवायची राहिली आहे. आणि तेरीज जुळली म्हणून सगळं बरोबर आहे असं समजू नका. व्यवहार मुळातच लिहिला नाही, किंवा यंत्राची खरेदी दुरुस्तीच्या खर्चात टाकली, तरी तेरीज गुमान जुळते. परीक्षेत हमखास विचारतात ते हेच.

स्प्रेडशीट 'येतं' असं जवळजवळ सगळेच म्हणतात. खरं येतं का हे चार गोष्टींवरून ठरतं. सूत्र खाली ओढल्यावर कोणता सेल हलला पाहिजे आणि कोणता डॉलरचिन्हाने बांधून ठेवला पाहिजे, हे कळतं का? अटीनुसार बेरीज आणि पिव्होट टेबल (लांब यादीचा सारांश-तक्ता) जमतं का? व्हीलुकअपमध्ये (तक्त्यातून जुळणारी नोंद शोधून आणणाऱ्या सूत्रात) शेवटचा घटक लिहिलाच नाही, तर ते अंदाजे जुळणी करून चुकीचं उत्तरही बिनधास्त देऊ शकतं, हे माहीत आहे का? आणि वेबवरून चिकटवलेले आकडे मजकूर म्हणून बसले, की ते सेलमध्ये डावीकडे सरकलेले दिसतात आणि बेरजेत धरलेच जात नाहीत, हे ओळखता येतं का?

यात एनपीव्हीच्या (निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे पुढच्या रकमांच्या आजच्या किमतीतून गुंतवणूक वजा) सूत्राची भर घाला, कारण ते नावाप्रमाणे वागत नाही. ते पहिल्या सेलमधली रक्कमसुद्धा एक वर्षानंतरची धरतं. आज १,००० गुंतवून पुढची तीन वर्षं ४०० मिळणार असतील आणि दर १० टक्के असेल, तर खरं उत्तर उणे ५.२६. गुंतवणूकही कंसात टाकली तर उणे ४.७८ येतं. चिन्ह तेच राहतं, म्हणून चूक नजरेला पडत नाही. कंसात फक्त पुढच्या रकमा ठेवा आणि आजची गुंतवणूक बाहेरून वजा करा. आर्थिक कॅल्क्युलेटर घेणार असाल, तर परीक्षेत कोणतं मॉडेल चालतं ते आधी विचारा. जाणारी रक्कम उणे टाकायची आणि हप्ता सुरुवातीला की शेवटी ही सेटिंग दर वेळी तपासायची, ही सवय घरीच लावून घ्या.

अर्थशास्त्रात एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: किंमत उभ्या अक्षावर असते, गणिताच्या सवयीच्या उलट. किंमत बदलली की आपण मागणीच्या रेषेवरूनच सरकतो. उत्पन्न किंवा आवड बदलली की अख्खी रेषा सरकते. संख्याशास्त्रासाठी सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन हातानं काढता आलं की पुरे. मार्केटिंग, संघटनात्मक वर्तन आणि व्यवसाय कायदा या विषयांत पाठांतराला गुण थोडे असतात. दिलेल्या प्रसंगाला तत्त्व लावून दाखवावं लागतं. कायद्यात प्रस्ताव, स्वीकृती आणि प्रतिफल (कराराचा मोबदला) यांच्या व्याख्या येऊनही, या प्रसंगात करार झाला की नाही, हे एका परिच्छेदात कारणासह लिहिता येत नाही, अशी अवस्था फार जणांची असते. तसे दहा परिच्छेद लिहून पाहा.

गटकामाची तयारी पहिल्याच बैठकीत होते. कोण काय करणार, मूळ फाइल कुठे राहणार आणि अंतिम तारखेच्या तीन दिवस आधी सगळे भाग एकत्र येणार, हे लिहून सगळ्यांना पाठवा. गट फुटतात ते बहुतेक वेळा आळसाने नाही. पाच जणांनी पाच ठिकाणी लिहिलेलं शेवटच्या रात्री जोडायला घेतल्यामुळे फुटतात.

वर्ग सुरू होण्याच्या आठवड्यात प्रत्येक विषयाचा आराखडा उघडून परीक्षा आणि सादरीकरणांच्या सगळ्या तारखा एकाच कॅलेंडरवर टाका. दोन परीक्षा एकाच वेळी येत असतील तर पहिल्याच आठवड्यात कार्यालयाला कळवा, नंतर सोय होईलच असं नाही. पुस्तक घेण्याआधी कोणती आवृत्ती चालते आणि ऑनलाइन गृहपाठाचा कोड सक्तीचा आहे का, हे शिक्षकांना विचारा, कारण जुन्या पुस्तकासोबतचा कोड बहुधा वापरलेला असतो. विषय बदलण्याची आणि दंडाशिवाय सोडण्याची शेवटची तारीखही त्याच कॅलेंडरवर लाल रंगात हवी, आणि तिच्या दोन दिवस आधीची आठवण फोनवर लावून ठेवा.