पपईच्या चिकापासून ट्रायकोमोनासपर्यंत : कोकणातून पॅरासिटॉलॉजीत येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडची बीएस्सी-एमएस्सीची पोरं मला हल्ली बरेचदा विचारतात की पॅरासाइटवर काम करायचंय, कुठला विषय घेऊ? मलेरिया सगळ्यांना माहीत असतो. मी ट्रायकोमोनास म्हटलं की समोरून फोनवर शांतता होते, कारण हा गुप्तरोगातला परजीवी, घरी सांगायचं काय असं वाटतं. म्हणूनच सांगतेय. २०२० सालच्या डब्ल्यूएचओच्या अंदाजानुसार जगात त्या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात साधारण १५.६ कोटी नवीन इन्फेक्शन झाली, आणि आपल्याकडे बायका अंगावरून पांढरं जातंय हे कुणाला न सांगता वर्षानुवर्षं अंगावर काढतात. बऱ्याच जणांना तर लक्षणं नसतातच, पुरुषांना तर फारच कमी, त्यामुळे नवऱ्याला काहीच होत नाही म्हणून फक्त बायकोनं गोळ्या घ्यायच्या आणि परत तेच. दोघांनी एकत्र औषध घेतलं तरच उपयोग आहे हे ओपीडीत बसून सांगणारं माणूस लागतं, आणि ते माणूस लॅबमधलंही असू शकतं.

एमएस्सीनंतर मी आधी सिंधुदुर्गातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन होते, तिथे वेट माउंट करायचे, आणि या परजीवीची पहिली ओळख तिथलीच. स्वॅबवरचा स्राव सलाइनच्या थेंबात मिसळायचा, कव्हरस्लिप ठेवायची, आधी १०एक्स मग ४०एक्स. तो साधारण पस सेलएवढाच दिसतो, नासपतीच्या आकाराचा, पण पस सेल गप्प पडून असतात आणि हा झटके देत गिरक्या घेत त्यांच्यामधून वाट काढत असतो, पुढे चार फ्लॅजेला आणि पाचवा मागे वळून एका पातळ पडद्याच्या कडेनं गेलेला, डायफ्राम थोडा बंद केला की त्या पडद्याची लाट दिसते. गार झाला की हालचाल मंदावते आणि थांबला की पस सेलपासून वेगळा ओळखणं जवळजवळ अशक्य. म्हणून सलाइन कोमट ठेवा, स्लाइड दहा-पंधरा मिनिटांत वाचा, सॅम्पल फ्रीजमध्ये तर अजिबात टाकू नका. आणि वेट माउंट निगेटिव्ह म्हणजे इन्फेक्शन नाही असं रिपोर्टवरून कुणाला ठामपणे सांगू नका, कारण चांगल्या हातांकडूनसुद्धा यात बऱ्याच केसेस सुटतात, कल्चर किंवा पीसीआरसारख्या टेस्ट जास्त पकडतात. १८३६ साली दोने नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं पॅरिसमध्ये हा असाच ताज्या स्रावात हलताना पाहिला होता, आजही पहिली टेस्ट तीच आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे एन्झाइम. एवढासा एकपेशीय जीव, सिस्ट बनवत नाही, मायटोकॉन्ड्रिया नाहीत (त्याऐवजी हायड्रोजिनोसोम, म्हणजे हायड्रोजन सोडत ऊर्जा बनवणारे पेशीतले छोटे भाग, आणि मेट्रोनिडाझोल हे औषध तिथेच ॲक्टिव्ह होऊन त्याला मारतं), मग तो टिकतो कसा? २००७ मध्ये त्याचा जिनोम आला तेव्हा जवळपास ६०,००० जीन असण्याचा अंदाज निघाला, त्यात प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचे म्हणजे पेप्टिडेजचे जीन चारशेच्या वर. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो सिस्टीन प्रोटिएजचा, म्हणजे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमचा. आत शिरल्यावर त्याला आधी म्यूकसचा थर लागतो, त्यातलं म्यूसिन तो कापतो, मग योनीच्या पेशीला चिकटतो आणि चिकटल्यावर काही मिनिटांतच नासपतीचा आकार सोडून अमीबासारखा पसरतो. तिथून पुढे सीपी३०, सीपी३९, सीपी६५ अशी एन्झाइम कामाला लागतात (नावातला आकडा म्हणजे किलोडाल्टनमधलं वजन), त्यातली काही फायब्रोनेक्टिन आणि कोलॅजन कापतात, म्हणजे पेशींना खालून धरून ठेवणारं जाळंच तोडतात. काही आपल्या आयजीजी आणि आयजीए अँटिबॉडी कापतात, कॉम्प्लिमेंटचं (रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रोटीनच्या साखळीचं) सी३ कापतात, म्हणजे इम्यूनिटीचे हातच छाटून टाकतात. हिमोग्लोबिनही कापतात, त्याला लोह लागतं ना, आणि किती लोह मिळतंय त्यावर कुठलं प्रोटिएज जास्त बनवायचं ते बदलतं. मला स्वतःला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पोरं पाठ करतात की अमुक एन्झाइम अमुक काम करतं, पण कधी आणि कुठल्या परिस्थितीत करतं हे कुणी विचारत नाही, आणि रिसर्च सुरू होतो तो या प्रश्नापासून.

सगळीच सिस्टीन प्रोटिएज नाहीत हेही लक्षात ठेवा. मेटॅलोप्रोटिएज (कापायला धातू लागणारी) आहेत, आणि रॉम१ हे पेशीच्या पडद्यात बसलेलं र्‍हॉम्बॉइड सेरीन प्रोटिएज आहे, ते जास्त बनवायला लावलं तर परजीवी जास्त चिकटतो आणि समोरच्या पेशी जास्त फोडतो असं २०१५ च्या एका पेपरमध्ये आलं. शिवाय काही एन्झाइम त्यानं चक्क बॅक्टेरियाकडून जीन उचलून मिळवलीयत, ती बॅक्टेरियाची भिंत कापतात. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस हे उपयोगी बॅक्टेरिया असतात, त्यांच्यामुळे पीएच ४.५ च्या खाली राहतो, या इन्फेक्शनमध्ये ते कमी होतात आणि पीएच वर जातो.

आता हे कोकणातल्या कॉलेजात बसून शिकायचं कसं? ट्रायकोमोनासचं कल्चर कॉलेजात करायला जाऊ नका, त्याला बायोसेफ्टीची सोय लागते, टीवायएम मीडियम, त्यात सीरम, ३७ डिग्री, दर एक-दोन दिवसांनी सबकल्चर, आणि आपल्याकडे जुलैत लाइट गेली की इन्क्युबेटर थंड. पण त्याची बरीचशी सिस्टीन प्रोटिएज ज्या फॅमिलीतली आहेत तिचं नावच पपेनवरून आहे, आणि पपेन आपल्या परसात आहे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ना, तीच कापाकापी. झाडावरच्या कच्च्या पपईला हलकी चीर द्या, चीक गोळा करा (ग्लोव्हज घाला, अंगाला लागला तर खाज येते), सिस्टीन घातलेल्या बफरमध्ये पातळ करा. घरातली जुनी एक्स-रे फिल्म घ्या, वरचा काळा थर म्हणजे चांदी धरून ठेवलेलं जिलेटिन. त्यावर थेंब ठेवा, ओल्या फडक्याच्या डब्यात झाकून ३७ डिग्रीला ठेवा, मग नळाखाली हळूच धुवा. जिथे जिलेटिन कापलं गेलं तिथे काळं धुऊन जातं आणि आरपार दिसणारा गोल राहतो. शेजारी चांगला उकळलेला चीक ठेवा, एक थेंब ईडीटीए घातलेला आणि एक आयोडोॲसिटामाइड घातलेला (हे विषारी आहे, सरांच्या देखरेखीखालीच). ईडीटीए धातू पकडून ठेवतं, त्यानं काम थांबत नाही म्हणजे मेटॅलोप्रोटिएज नाही, आयोडोॲसिटामाइडनं थांबतं कारण ते सिस्टीनचा सल्फर अडवतं. ज्याला हे एकदा हातानं जमलं त्याला पेपरमधली ई-६४ ची (हेही सिस्टीन प्रोटिएज अडवणारं रसायन) ओळ वाचून अडायला होत नाही.

पुढची पायरी झायमोग्राफी, म्हणजे प्रोटीन वेगळी करायच्या जेलमध्येच एन्झाइमची कापाकापी बघणं. जेलमध्येच ०.१ टक्का जिलेटिन घालायचं, सॅम्पल उकळायचं नाही, मर्कॅप्टोइथेनॉल नाही, रन झाल्यावर ट्रायटन एक्स-१०० नं धुऊन एसडीएस काढायचं की एन्झाइम परत जागं होतं, मग रात्रभर बफरमध्ये ठेवून कूमासी हा प्रोटीनला लागणारा निळा रंग द्यायचा. सगळं जेल निळं आणि जिथे प्रोटिएज तिथे पांढरा पट्टा. पपेनवर हे बसवलं असेल तर मोठ्या लॅबमध्ये परजीवीवर करताना फक्त सॅम्पल बदलतं.

करिअरचं म्हणाल तर नेट, जेआरएफ (रिसर्चची फेलोशिप), गेट यांची तयारी करावीच लागेल. परळची एनआयआरआरसीएच ही आयसीएमआरची संस्था रिप्रॉडक्टिव्ह हेल्थवर काम करते, कोकणकन्येत रात्री बसलं की सकाळी मुंबई, पुण्यात भोसरीला एड्सवर काम करणारी, आधी नारी म्हणून ओळखली जाणारी आयसीएमआरची संस्था आहे, आणि चंदीगडच्या पीजीआयला मेडिकल पॅरासिटॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. इंटर्नशिपचा ईमेल पाठवताना 'मला रिसर्चची आवड आहे' एवढंच लिहू नका, एक्स-रे फिल्मचा फोटो जोडा आणि कंट्रोल कुठले ठेवले ते दोन ओळींत लिहा. रिसर्चला जायचं नसेल तरी जिल्हा रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकचं (गुप्तरोगांच्या सरकारी क्लिनिकचं) काम एकदा परवानगी घेऊन बघा, तिथे अंगावरून पांढरं जात असेल तर औषधांचं हिरवं किट देतात, ते का देतात हे कळलं की पुस्तकातली वाक्यं माणसांना जोडली जातात.

इंटरव्ह्यूत एक प्रश्न हमखास येतो की तुझ्या जेलवरचा पांढरा पट्टा परजीवीचाच कशावरून, मीडियममधल्या सीरमचा नाही कशावरून? उत्तर असं द्या की पेशी पीबीएसमध्ये तीनदा धुतल्या, नुसत्या मीडियमची वेगळी लेन चालवली, आणि एका लेनला ई-६४ देऊन पट्टा जातो का ते पाहिलं. सीरममध्ये प्रोटिएज अडवणारी प्रोटीनही असतात, त्यामुळे नीट धुतलं नाही तर पट्टा खोटा दिसण्यापेक्षा खरा पट्टाच नाहीसा होण्याचा धोका असतो, हेही जोडा.