पहिल्या चार फ्रेटवर तारा खरखरतात? उन्हाळ्यातला उपाय

स्टील तारांची अकूस्टिक गिटार. मोकळी सहावी (सर्वांत जाड) तार आणि पहिल्या चार फ्रेटवरचे (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या दांड्या) सूर खरखरत होते, आठव्याच्या पुढे सगळं स्वच्छ. पावसाळ्यात हीच गिटार ठणठणीत होती.

नव्या तारा घातल्या, बोट फ्रेटच्या अगदी जवळ दाबून पाहिलं; फरक शून्य. वैताग नुसता.

पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं. नेक (गिटारीची मान) मागे झुकली की तारेला कंप पावायला जागाच उरत नाही.

आधी गिटार नेहमीच्या सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), सहावी तार चौदाव्यावर दाबा आणि सातव्यावर तार व फ्रेटमधली फट मोजा. साधारण ०.२५ मिमी हवी. (फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत.) माझी तार फ्रेटला चक्क टेकलेली होती. साउंडहोलमधून (पुढच्या गोल भोकातून) अ‍ॅलन की (षटकोनी किल्ली) घालून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला तिचा बाक ठरवणारा धातूचा दांडा, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल केला, पुन्हा सुरात लावली, रात्रभर ठेवून मोजलं. त्याच दिशेने आणखी पाव फेऱ्याचा अर्धा दिल्यावर फट बरोबर आली, खरखर गेली.

एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नकोच. की अडली तर जोर न लावता कारागिराकडे न्या. नायलॉन तारांच्या गिटारीत बहुधा हा रॉड नसतो. जूनमध्ये हवा दमट झाली की फट वाढते. तेव्हा फेरा उलटा.