‘पासवर्ड तर दिलाच नाही, बाई!’ : मुलांना इंटरनेट सुरक्षितता शिकवताना या चुका टाळा

आठवीच्या वर्गात मी प्रोजेक्टरवर एक फोटो लावला होता. माझ्या भाचीचा, तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने, मुद्दाम याच तासासाठी काढलेला. शाळेचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, मागे सोसायटीची पाटी, बाजूला स्कूटर, एका हातात क्लासची बॅग आणि दुसऱ्या हातात ‘13’ लिहिलेला सोनेरी फुगा. मुलांना एवढंच विचारलं, “ही मुलगी तुम्हाला माहीत नाही. फोटोवरून काय काय कळतं?”

दहा मिनिटांत फळा भरला. शाळा बोधचिन्हावरून कळली, इयत्ता ओळखपत्रावरून, घर पाटीवरून. स्कूटरचा नंबर एमएच 12 ने सुरू होत होता, म्हणजे गाडी पुण्याची. एका मुलाने फुगा आणि फोटोवरची तारीख जोडून पूर्ण जन्मतारीख काढली. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, “बॅगेवर क्लासचं नाव आहे. म्हणजे संध्याकाळी ती कुठे असते तेही कळतं.” वर्ग एकदम गप्प झाला. मग एका मुलीने हात वर केला. “पण बाई, हिने पासवर्ड तर दिलाच नाही!”

गेली काही वर्षं मी पुण्यातल्या शाळांमध्ये संगणक शिकवते आहे आणि मुलांशी या विषयावर बोलते आहे. त्या मुलीचं ते वाक्य म्हणजे आमच्या शिकवण्यावरचा शेरा होता.

पहिली चूक : खासगी माहितीची यादी पाठ करून घेणं

पासवर्ड, ओटीपी, पत्ता, फोन नंबर. यादी मुलांना तोंडपाठ असते आणि पेपरात ती पूर्ण गुण मिळवतात. पण माहिती यादीप्रमाणे बाहेर पडत नाही, तुकड्यातुकड्यांनी जाते. वाढदिवसाची स्टोरी, सिंहगडावरून टाकलेलं लोकेशन, ‘आजीकडे सातारला चाललो, आठ दिवस मजा’ असं स्टेटस. यातलं एकेक काहीच नसतं. सगळं एकत्र ठेवलं की घर कुठे आहे आणि ते केव्हा बंद असतं, हे दोन्ही कळतं.

म्हणून यादी सांगण्याआधी वर्गात एक फोटो दाखवा आणि मुलांनाच शोधू द्या. फोटो वर्गातल्या मुलाचा नको, त्याची चेष्टा होते. नंतर प्रत्येकाने घरी जाऊन स्वतःचं प्रोफाइल अनोळखी माणसाच्या नजरेने पाहायचं आणि काय सापडलं ते वहीत लिहायचं. ती वही तपासायला मागू नका. मी पहिल्या वर्षी मागितली होती, तेव्हा निम्म्या वह्या कोऱ्या आल्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक : भीती घालणं

नववीतल्या एका मुलाची गोष्ट सांगते. एका गेममध्ये फुकट डायमंड मिळतील अशी लिंक मित्राच्या अकाउंटवरून आली. त्याने लॉगिन केलं. फोन आईचा, जीमेल आईचं. दुसऱ्या दिवशी ते जीमेल बंद पडलं. कोणीतरी पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर (खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर) दोन्ही बदलले होते. मुलाला झालेला प्रकार लगेच कळला, पण तो बोलला नाही. आठवड्याभरापूर्वीच वडील म्हणाले होते, “असलं काही केलंस तर फोन फोडून टाकीन.” आईला वाटलं, फोनच बिघडला असेल. तिने दोन दुकानं फिरून पाहिली. बाराव्या दिवशी तो माझ्यासमोर रडला.

गूगलमध्ये चोराने रिकव्हरी नंबर किंवा ईमेल बदलला, तरी आधीचा नंबर आणि ईमेल 7 दिवसांपर्यंत वापरून खातं परत मिळवण्याची सोय असते. आम्ही प्रयत्न केला तेव्हा ते सात दिवस उलटून गेले होते. त्या खात्यात त्याच्या धाकट्या बहिणीचे जन्मापासूनचे फोटो होते.

लिंक उघडणं ही चूक होतीच, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाकडून होणारी. पण ते बारा दिवस आम्हा मोठ्यांच्या हिशेबात जातात. ‘फोन काढून घेईन’ ही धमकी दिली की मूल इंटरनेट बंद करत नाही, सांगणं बंद करतं. यात वेळ म्हणजेच सगळं काही असतं. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन कराल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पालकसभेत मी आता एकच वाक्य सगळ्यांकडून म्हणून घेते: “काहीही झालं तरी आधी मला सांग, फोन काढून घेणार नाही.” काही वडील नाराज होतात, शिस्त कशी राहणार असं विचारतात. शिस्तीसाठी फोनची वेळ ठरवा, रात्री फोन हॉलमध्ये चार्जिंगला ठेवा. सांगण्याची शिक्षा मात्र कधीच देऊ नका.

मुलांची माहिती आपणच वाटतो

हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण यात आम्ही शिक्षक पुढे आहोत. सरल आणि यूडायस या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी प्रणालींत माहिती भरायची घाई असते. वर्गाची एक्सेल फाइल बनते: नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधार नंबर, मोबाइल. ‘आपापली माहिती तपासा’ म्हणून ती पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाते. चाळीस घरांची माहिती चाळीस फोनमध्ये, आणि तिथून पुढे कुठे जाईल ते कोणाच्या हातात नाही. पालकांना स्वतंत्र मेसेज करा, किंवा शाळेत बोलावून एकेकाची ओळ दाखवा. वेळ जास्त जातो, जाऊ द्या. अशी फाइल ग्रुपवर आलीच, तर ग्रुप अ‍ॅडमिनला ती सर्वांसाठी डिलीट करता येते. त्याला लगेच फोन करा. आधारची प्रत मागितली तर मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे 4 अंक दिसतात.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट. दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन पाहताना बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकावं लागतं. गुणपत्रिकेवरही आईचं नाव असतं. निकालाच्या दिवशी त्याच गुणपत्रिकेचा फोटो कौतुकाने स्टेटसला लागतो आणि चौकातल्या फ्लेक्सवर शाळा, टक्के, फोटो सगळं झळकतं. तेव्हा ‘आईचं नाव काय?’ हा सुरक्षा प्रश्न महाराष्ट्रात तरी काहीच राखत नाही. मुलांना सांगा, असा प्रश्न आला तर खरं उत्तर द्यायचं बंधन नाही. उत्तर म्हणून दुसरा एखादा शब्द ठरवा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. कौतुक जरूर करा, फक्त गुणपत्रिकेवरचा नंबर, आईचं नाव आणि जन्मतारीख झाकून.

अकरावीच्या अर्जाच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात पाहा. प्रिंटसाठी आधार, दाखला, जातीचं प्रमाणपत्र दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवलं जातं आणि तिथल्या संगणकावर पडून राहतं. पेनड्राइव्हवर न्या, किंवा प्रिंट हातात आल्यावर समोरच फाइल डिलीट करून घ्या. दुकानदाराला राग येत नाही. “काका, तेवढं डिलीट करता का?” एवढंच म्हणायचं. मुलाला हे वाक्य स्वतः बोलू द्या.

खोटं जन्मवर्ष

इन्स्टाग्रामला 13 वर्षं पूर्ण लागतात. अकरा वर्षांच्या मुलाला अकाउंट हवं असतं, तर पालकच बसून 2000 साल टाकून देतात. मग ते अ‍ॅप त्याला प्रौढ समजतं. किशोरांच्या खात्यांना आपोआप मिळणारी संरक्षणं, म्हणजे खातं प्रायव्हेट असणं, अनोळखी माणसांच्या मेसेजवर बंधनं, त्याला मिळतच नाहीत. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, असं म्हटलं आहे. आपण वय खोटं टाकलं की हे कवच आपल्याच हाताने काढून ठेवतो. तेरा पूर्ण झालेल्या मुलाचं अकाउंट आधीच असेल तर सेटिंगमध्ये जाऊन जन्मतारीख दुरुस्त करा.

पासवर्ड : कठीण नको, लांब हवा

शाळेच्या लॅबमध्ये सगळ्या संगणकांना एकच पासवर्ड असतो आणि तो भिंतीवर चिकटवलेला असतो. रोज डोळ्यांसमोर असं असेल तर तासाला पासवर्डबद्दल कितीही बोला, मुलं भिंतीवरून शिकतात. आधी ती चिठ्ठी काढा.

मुलं पासवर्ड मैत्रीची खूण म्हणूनही देतात. “बेस्ट फ्रेंडपासून काय लपवायचं?” हा प्रश्न दर वर्षी येतो आणि तो मला खरा वाटतो, म्हणून त्याला झिडकारत नाही. मी विचारते, घराची किल्ली तिला देशील का? ती हो म्हणते. मग, ती किल्ली तिच्या दप्तरातून हरवली तर? इथे बोलणं सुरू होतं. मैत्रिणीवरचा विश्वास आणि मैत्रिणीच्या फोनवरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना पटतं.

पासवर्ड कसा करायचा? एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे. खलबत्ता, रिक्षा, अशा जातीचे. गाव, देव, टीम, जन्मसाल नको. ईमेलचा पासवर्ड बाकी कुठेही वापरायचा नाही, कारण बाकी सगळे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेणारी सोय, चालू करायचं. ते घरी जाऊन करा असं सांगून होत नाही. पालकसभेत फोन हातात घेऊन सगळ्यांनी एकत्र करा, पंधरा मिनिटं लागतात.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवायला लावा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी पैसे पाठवतो म्हणत पिन टाकायला सांगत असेल, तर पैसे आपलेच जाणार आहेत.

घडून गेल्यावरच्या चुका

*घाबरून सगळं डिलीट करणं.* कोणी फोटोवरून धमकावत असेल तर मूल आधी चॅट पुसतं, मग अकाउंट. पुरावाच जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या: मेसेज, तारीख-वेळ, आणि त्या माणसाचं दाखवायचं नाव नव्हे तर युजरनेम आणि प्रोफाइलची लिंक. त्यानंतर ब्लॉक करा. फोटो लैंगिक स्वरूपाचा असेल तर त्याच्या प्रती कोणालाही पाठवू नका, शिक्षकालाही नाही. फोन तसाच घेऊन पोलिसांकडे जा.

*पैसे देऊन टाकणं.* एकदा दिले की मागणी वाढते.

*फक्त शाळेत मिटवणं.* राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे आणि तिथे नाव न देताही तक्रार करता येते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे. 18 वर्षांखालच्या मुलाचा तसा फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी कंपन्यांकडे जातो. वर्गात हेही स्पष्ट सांगा की मुलांचे लैंगिक फोटो पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 बी खाली गुन्हा आहे. ‘मला आला म्हणून मी फॉरवर्ड केला’ हे कारण चालत नाही.

*व्हॉट्सअ‍ॅप गेलं म्हणून नंबरच सोडून देणं.* त्याच सिमवर अ‍ॅपमध्ये पुन्हा नोंदणी करा, एसएमएसने आलेला 6 अंकी कोड टाका. तेवढ्याने चोर बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला 7 दिवस थांबावं लागतं, पण तोवर तोही आत नसतो. मधल्या काळात नातेवाइकांना साध्या फोनवरून कळवा, की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. खातं परत आलं की लिंक्ड डिव्हाइसेस उघडून अनोळखी उपकरणं काढून टाका.

एकदाच व्याख्यान

सभागृहात तीनशे मुलं, वर्षातून एक सायबर जागृती कार्यक्रम. असा कार्यक्रम व्हावा, पोलीस अधिकारी येऊन बोलले की मुलं लक्ष देऊन ऐकतात. पण तीनशे जणांत कोणतं मूल स्वतःचा प्रश्न विचारेल? आम्ही लॅबच्या दाराशी एक पेटी ठेवली आहे, बिनानावाच्या चिठ्ठ्यांसाठी. दर शुक्रवारी उघडतो. ‘स्नॅपचॅटवर माझं लोकेशन कोणाला दिसतं?’, ‘दादा माझा फोन बघतो, चालतं का?’ असे प्रश्न असतात आणि त्यावरच तास होतो.

गेल्या पावसाळ्यात एका चिठ्ठीवर नाव होतं. खाली लिहिलं होतं, ‘बाई, आईला सांगायचंय, तुम्ही बरोबर याल का?’ शाळा सुटल्यावर आम्ही दोघी एका छत्रीत कर्वे रस्त्याने चालत तिच्या घरी गेलो. तिच्या आईने दार उघडलं, आम्हाला पाहिलं, आणि काही विचारायच्या आधी गॅसवर चहा टाकला.